फळांचा अदृश्य अंगरखा

वैशाख सरत आला की पुणे–सातारा रस्त्याने कात्रजचा घाट ओलांडून पुढे जाणाऱ्या प्रवाशाला भोर आणि वेल्ह्याकडे वळणाऱ्या फाट्यांवर एक दृश्य हमखास दिसते. झाडाची सावली सापडली तर सावलीत, नाही तर भर उन्हात, पुढ्यात पाटी मांडून बायामाणसे बसलेली असतात. पाटीत काळीभोर करवंदे, जांभळे, कधी रायवळ आंबे. माल पानाच्या द्रोणात नाही तर वर्तमानपत्राच्या पुडीत घालून द्यायचा. मोटार थांबते, आतली मुले हरखतात, आई घासाघीस करते आणि दोन द्रोण घेऊन मोटार पुढे जाते.

आपल्याला दिसतो तो एवढाच भाग. ही करवंदे पहाटे उठून, काट्यांनी हात ओरबाडून घेत, डोंगराच्या उतारावरून वेचून आणलेली असतात. उन्हे चढली की ती सुरकुतू लागतात. तळाची दबतात, त्यांना पाणी सुटते. सकाळी जो वाटा पुऱ्या भावाने जातो तो दिवेलागणीला अर्ध्या भावानेही जाईल की नाही ह्याची शाश्वती नसते. उरलेली पाटी परत न्यायची तर उद्या ती गुरेही खाणार नाहीत. म्हणून “काय द्यायचे ते द्या, पण घेऊन जा” असे विकणारीला म्हणावे लागते. एका दिवसाचे कष्ट आणि एका दिवसाची कमाई ह्यांच्यामध्ये उभे असते ते फळाचे नासणे.

हा प्रश्न एकट्या भोर-वेल्ह्याचा नाही. शेजारच्या पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ, वरच्या अंगाला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, खाली कोकणचा हापूस, सगळ्यांची हीच कथा आहे. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. तीत काढणीपासून विक्रीपर्यंत वाया जाणाऱ्या मालाचे आकडे आहेत: पेरू शेकडा १५.८८, आंबा ९.१६, द्राक्षे ८.६३. म्हणजे पिकलेल्या शंभर पेरूंपैकी सोळाच्या आसपास कोणाच्याच तोंडी पडत नाहीत.

हे नासणे लांबवण्याचे उपाय आपल्याला माहीत आहेत. शीतगृह आहे, पण ते महाग. प्लॅस्टिकची पिशवी आहे, पण तिचा कचरा उरतो. औषधाची फवारणी आहे, पण ती पोटात जाण्याची भीती. ह्या तिघांना टाळून चौथी वाट शोधण्याचा उद्योग जगभरचे शास्त्रज्ञ काही दशके करीत आहेत. फळाला असा एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा अंगरखा घालायचा, की जो फळाबरोबरच खाता येईल आणि ज्यात वनस्पतींचे जंतुनाशक अर्क मिसळलेले असतील. ह्या अंगरख्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

चकली टिकते, सीताफळ का टिकत नाही?

वाचकहो, दिवाळीच्या फराळाकडेच पाहा ना! चकली, शेव, चिवडा डबा घट्ट लावला की पंधरा दिवस सहज टिकतात. कारण तळताना त्यांतले पाणी निघून गेलेले असते आणि पाण्यावाचून जंतूंना व बुरशीला वाढता येत नाही. लाडवात पाणी कमी आणि साखर भरपूर, म्हणून तोही टिकतो. पण लक्ष्मीपूजनाला आणलेले सीताफळ भाऊबीजेपर्यंत धीर धरीत नाही.

ह्याचे पहिले कारण म्हणजे फळ हे झाडावरून उतरले तरी जिवंत असते. ते श्वास घेते. हवेतला प्राणवायू घेऊन ते आपल्यातली साखर हळूहळू जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकते. झाडाकडून येणारी शिदोरी तर बंद झालेली. म्हणजे घरातल्या साठ्यावरच दिवस काढायचे. साठा संपत गेला की फळ मऊ पडते, बेचव होते. शिवाय उष्णता दहा अंशांनी वाढली की हा श्वास दुप्पट-तिप्पट वेगाने चालू लागतो. उन्हातली पाटी आणि सावलीतली पाटी ह्यांतला फरक एवढ्यावरून कळावा.

दुसरे कारण पाण्याचे. फळात शेकडा ऐंशीहून अधिक पाणी असते आणि ते सालीतून सतत उडत असते. वजनाच्या मानाने थोडेसे पाणी गेले तरी साल सुरकुतते आणि गिऱ्हाईक नाक मुरडते.

तिसरे कारण बुरशीचे. हवेत, मातीत, पाटीच्या विणीत तिचे बीज सर्वत्र असते. फळाला जरा खरचटले, देठ उपटताना साल निघाली की तिला दार उघडे सापडते. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षांवर करड्या लोकरीसारखी दिसणारी बुरशी, आंब्यावर काळे डाग पाडणारा करपा, ही सारी ह्याच घराण्यातली.

आंबा, केळी, सीताफळ ह्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. पिकू लागले की ही फळे इथिलिन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूने शेजारची फळेही पिकू लागतात. आढीतला एक आंबा उतरला की सगळी आढी चाळावी, असे आपल्या आज्या सांगत. इथिलिनचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण त्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

मूळ कल्पना निसर्गाची

जांभळावर बोट फिरवले की बोटाला एक पांढुरकी, राखेसारखी पूड लागते. काळ्या द्राक्षांवरही ती असते. पुष्कळ जण तिला औषधाची फवारणी समजून खसाखसा धुतात. काही वेळा ती तशी असतेही, पण बहुधा ते फळाचे स्वतःचे मेण असते. सफरचंदालाही असे मेण असते. पाणी उडू नये, पावसाचे पाणी सालीवर साचू नये आणि बुरशीला सहज आत शिरता येऊ नये म्हणून निसर्गाने प्रत्येक फळाला कमीअधिक असा लेप दिलेला आहे. फळ हाताळताना, घासताना, धुताना तो पुसला जातो. माणसाने केले ते इतकेच, की पुसलेला लेप पुन्हा द्यायला तो शिकला.

ही विद्या जुनी आहे. बाराव्या-तेराव्या शतकात चीनमध्ये बादशहाकडे दूरवर पाठवायच्या संत्र्या-लिंबांना मेणाचा लेप देत असत. जपानात सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय उचलून, वाळवून ठेवतात. खाण्याजोगा पापुद्रा बनवण्याचा तो एक जुना नमुना मानला जातो. आणि आपल्याकडे? कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळी म्हणजे दुसरे काय? फळाचा रस ताटावर पातळ पसरून उन्हात वाळवला की त्याचा लवचिक, सोलून काढता येणारा पापुद्रा होतो. अमेरिकेतल्या कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत सफरचंदाच्या गरापासून असेच पापुद्रे करून, त्यांत ओरेगॅनोसारख्या वनस्पतींची तेले मिसळून जंतूंवर प्रयोग केले आहेत. आपल्या रत्नागिरीच्या आजीबाईंना त्याचा अर्धा भाग शिकवावा लागला नसता.

व्यापारी प्रमाणावर मेणाचा वापर अमेरिकेत १९३० च्या सुमारास संत्र्या-मोसंब्यांवर सुरू झाला. आपल्याकडेही हे शास्त्र मागे नव्हते. पुण्याच्या गणेशखिंड बागेत चीमा, करमरकर आणि जोशी ह्या संशोधकांनी स्वातंत्र्यापूर्वीच आंब्याच्या साठवणीचे प्रयोग केले. कोणत्या उष्णतामानाला हापूस किती दिवस राहतो, तो श्वास कसा घेतो, ह्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. ‘चीमा साहेबी’ हे द्राक्ष ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे चीमा.

पुढे २१ ऑक्टोबर १९५० रोजी म्हैसूरला अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था उघडली. तेथल्या माथूर आणि सुब्रह्मण्यम ह्या दोघांनी १९५६ साली आंब्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी नुसते मेण लावले नाही, तर मेणात बुरशीनाशक द्रव्य मिसळून लावले. आज ज्याला जंतुरोधक लेप म्हणतात त्याचा हा आपल्या देशातला पूर्वजच म्हणायचा. फरक एवढाच, की आज बुरशीनाशकाच्या जागी झाडपाल्याचा अर्क आणि मेणाच्या जागी पिठूळ द्रव्ये वापरण्याकडे कल आहे.

सायीसारखा पापुद्रा

हा लेप बनतो तरी कसा? ज्या गृहिणीने पेजेचे भांडे घासायचे विसरून रात्रभर तसेच ठेवले असेल तिला हे सांगायला नको. सकाळी भांड्याच्या कडेला काचेसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून आलेला असतो. तो तांदळाच्या पिठूळ द्रव्याचा, म्हणजे स्टार्चचा पापुद्रा. भोर-वेल्ह्याचे मुख्य पीक भातच, तेव्हा तिकडच्या घरांना हा पापुद्रा चांगला ओळखीचा असणार. दुधावर धरते ती साय. तिच्यात दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश एकत्र आलेले असतात.

खाण्याच्या लेपाचे सामान ह्याच तीन घरचे आहे. एक, पिठूळ व चिकट द्रव्ये: स्टार्च, फळांतले पेक्टिन, समुद्रशेवाळातले अल्जिनेट, डिंक, आणि खेकडे व कोळंबीच्या कवचापासून निघणारे कायटोसान. दुसरे, प्रथिने: दुधातले केसीन, मक्यातले झेइन, जिलेटिन. तिसरे, स्निग्ध द्रव्ये: मधमाशांचे मेण, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण आणि आपली लाख.

ह्या प्रत्येकाचा स्वभाव निराळा. पिठूळ द्रव्यांचा पापुद्रा प्राणवायूला चांगला अडवतो, पण पाण्याच्या वाफेला अडवत नाही. मेण वाफेला अडवते, पण नुसत्या मेणाचा लेप ठिसूळ होतो, कधी तडकतो. म्हणून दोन्ही मिसळतात आणि लवचिकपणासाठी किंचित ग्लिसरीन घालतात. ह्या पातळ द्रावणात फळे बुडवायची किंवा त्यांच्यावर ते फवारायचे, वाऱ्यावर वाळवायचे, की अंगरखा तयार. त्याची जाडी बहुधा केसाच्या जाडीहूनही कमी असते.

इथे एक मेख आहे. लेप जाड झाला तर फळाचा श्वासच कोंडतो. प्राणवायू मिळेनासा झाला की फळ आतल्या आत आंबू लागते आणि कापल्यावर दारूसारखा वास येतो. श्वास मंद करायचा, पण बंद करायचा नाही. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून सकाळपर्यंत राखायची जुनी युक्ती ज्यांना आठवते त्यांना हे मर्म चटकन कळेल. फार झाकला तर विझतो, उघडा टाकला तर जळून जातो.

मसाल्याच्या डब्यातले पहारेकरी

लेप हा कोट झाला. आता त्यावर पहारेकरी उभे करायचे. ते मिळतात आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि परसात. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनामाल्डिहाइड, ओव्यातले थायमॉल ही तिन्ही द्रव्ये बुरशी व जंतूंच्या पेशींची आवरणे सैल करतात. आतला ऐवज बाहेर झिरपू लागतो आणि जंतू मरतो किंवा निदान त्याची वाढ खुंटते. डाळिंबाची साल, हिरडा, चहाची पाने ह्यांतली तुरट द्रव्ये जंतूंच्या प्रथिनांशी बांधली जाऊन त्यांचे काम थांबवतात. दात दुखला की लवंग धरावी, पोट बिघडले की ओवा चावावा, तोंड आले की डाळिंबाच्या सालीच्या पाण्याने चूळ भरावी, असा उपचार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याच्यामागचे तत्त्व थोड्याबहुत फरकाने हेच आहे.

मग लवंगेचे तेल सरळ फळावरच का फासू नये? दोन कारणे. एक तर ही तेले उडून जाणारी असतात. सकाळी लावावीत तर दुपारी गायब. दुसरे, त्यांचा वास इतका उग्र की स्ट्रॉबेरी खावी आणि पानाचा विडा खाल्ल्यासारखे वाटावे. लेपात मिसळल्याने ही दोन्ही दुखणी कमी होतात. पापुद्रा तेलाला धरून ठेवतो आणि थोडे थोडे सोडतो. त्यामुळे थोड्या तेलात काम भागते आणि ते पुष्कळ दिवस चालते. तरीही चवीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. ह्या शास्त्रातले निम्मे डोके बुरशीला पुरेल पण जिभेला जाणवणार नाही अशी मात्रा शोधण्यातच खर्च होते.

प्रयोगांची साक्ष

आता काही पुरावे पाहू. १९९१ साली कॅनडातल्या लावाल विद्यापीठातल्या संशोधकांनी स्ट्रॉबेरीला कायटोसानचा लेप दिला. तिच्यावरची करडी बुरशी रोखण्यात तो लेप उपयोगी पडला. त्यानंतर ह्या विषयाला खरा बहर आला.

२००५ साली स्पेनमधल्या मिगेल एर्नांदेझ विद्यापीठाने द्राक्षांवर चक्क कोरफडीच्या गराचा लेप देऊन पाहिला. थंडीत, एक अंश सेल्सियसला, साधी द्राक्षे आठवडाभरात उतरू लागली. लेप दिलेली ३५ दिवसांपर्यंत चांगली राहिली. वजन कमी घटले, देठ हिरवे राहिले आणि जंतूही कमी आढळले. आपल्या गॅलरीतल्या कुंडीत उपेक्षित पडलेल्या कोरफडीचा हा पराक्रम!

२०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने रेशमाचा प्रयोग केला. रेशमाच्या कोशातले प्रथिन पाण्यात विरघळवून त्यात स्ट्रॉबेरी बुडवल्या. शीतकपाटाबाहेर, साध्या खोलीत सात दिवस ठेवल्यावरही त्या रसरशीत व घट्ट होत्या. बिनलेपाच्या केव्हाच सुकून काळवंडल्या होत्या.

आपल्या मुंबईचेही नाव ह्यात आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अन्नतंत्र विभागाने २०१२ साली कायटोसान मिसळलेल्या पॅकिंगच्या पापुद्र्यात पुदिन्याचा आणि डाळिंबाच्या सालीचा अर्क घालून पाहिला. अन्नातून विषबाधा घडवणाऱ्या जंतूंवर त्याचा परिणाम दिसला. डाळिंब म्हणजे सोलापूर-सांगोल्याचे वैभव. रस काढल्यावर साल उकिरड्यावर जाते. ती उद्या दुसऱ्या फळाचे रक्षण करू लागली तर टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

२०२२ च्या सुरुवातीला गुवाहाटीच्या आय. आय. टी.ची बातमी आली. तेथे समुद्रातल्या एका सूक्ष्म शेवाळातून तेल काढल्यावर जो चोथा उरतो त्याचा अर्क कायटोसानमध्ये मिसळून लेप केला आणि टोमॅटो, हिरवी मिरची, स्ट्रॉबेरी, खासी संत्री, अननस अशा अनेक फळभाज्यांवर तो आजमावला.

मात्र एक गोष्ट विसरू नये. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत बुरशी मरणे वेगळे आणि मार्केट यार्डातल्या धक्क्याबुक्क्यांत फळ टिकणे वेगळे. प्रयोगातली फळे निवडक असतात, स्वच्छ धुतलेली असतात, मोजून मापून थंडीत ठेवलेली असतात. ज्या फळाला आधीच मार लागला आहे त्याला कुठलाही अंगरखा वाचवीत नाही.

घरातल्या तीन शंका

सफरचंदाला नखाने खरवडले की मेण निघते, हे पाहून पुष्कळ घरांत धसका घेतात. पहिली शंका तीच: हे मेण अपायकारक नाही का? मधमाशांचे मेण, कार्नौबा मेण आणि लाखेचे मेण ही तीन ताज्या फळांना लावण्यास भारताच्या अन्नसुरक्षा नियमांनी परवानगी दिली आहे. तसे वेष्टनावर लिहिण्याची मात्र अट आहे. एका फळावर ते थेंब-दोन थेंबांहून जास्त नसते. शरीर ते पचवीत नाही, जसेच्या तसे बाहेर टाकते. भिण्याजोगी गोष्ट आहे ती कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या आंब्याची. त्यावर कायद्याने बंदी आहे. मेण आणि कार्बाइड ह्यांना एका मापाने मोजू नये.

दुसरी शंका सोवळ्याची म्हणा, शाकाहाराची म्हणा. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर ह्यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याने स्रवलेली राळ. ह्या लाखेच्या अभ्यासासाठी रांचीला १९२४ पासून संस्था आहे. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचाचे, रेशीम कोशातले, जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचे. एकादशीला खाल्लेल्या फळावर काय होते हे जाणण्याचा हक्क माणसाला असायला हवा. ज्यांना दुधाची वा कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांच्या बाबतीत तर हा श्रद्धेचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न आहे. कायटोसान बुरशीपासूनही करता येते, आणि स्टार्च, पेक्टिन, डिंक, कोरफड हे निखळ वनस्पतीचे पर्याय आहेतच. पण लेप कशाचा हे पेटीवर स्वच्छ लिहिलेले असावे, हा आग्रह गिऱ्हाइकांनी धरलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट शंका नसून गैरसमज आहे. “झाडपाल्याचे आहे ना, मग बिनधास्त!” असे आपण फार लवकर म्हणतो. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक जहाल रेचक असतो. लवंगेचे शुद्ध तेल जिभेवर पडले तर भाजते. वनस्पतीचे म्हणजे निरुपद्रवी असे समीकरण नाही. मात्रा सांभाळली तर औषध, नाही तर विष, हा वैद्यकाचा नियम इथेही लागू आहे. म्हणून घरच्या घरी कोरफड चोळून फळे टिकवण्याचे प्रयोग करण्याच्या फंदात कोणी पडू नये.

भोर-वेल्ह्याच्या पाटीला काय मिळेल?

पंतसचिवांचे भोर आणि राजगड-तोरण्याचे वेल्हे. वेल्हे तालुक्याला आता राजगड हेच नाव मिळाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. पुण्यापासून फार तर पन्नास-साठ किलोमीटरांवरचा हा मुलूख. धो धो पाऊस, डोंगरउतार, भातखाचरे आणि रानमेवा. तोरणा किल्ल्याचे नावच तिकडच्या तोरण नावाच्या रानझाडावरून पडले, असे सांगतात. ह्या रानमेव्याला नव्या लेपाचा काय उपयोग होईल, हा हिशेब प्रामाणिकपणे मांडून पाहू.

करवंद हे चिकाचे आणि पातळ सालीचे फळ. ते स्वस्त विकले जाते. ते धुणे, बुडवणे, वाळवणे ह्यांत पुन्हा हाताळावे लागते आणि जितके हाताळावे तितके ते दबते. म्हणून त्याच्यासाठी सध्या लेपापेक्षा सावली, ओले फडके, उथळ पाटी आणि पहाटेची एस. टी. हेच उपाय अधिक गुणकारी. दहा अंशांचा नियम मघा सांगितलाच आहे. रस्त्याकडेला चार खांबांचे छप्पर उभे राहिले तरी पाटीचे आयुष्य काही तासांनी वाढेल, आणि पाटीवालीच्या दृष्टीने काही तास म्हणजे पुष्कळ.

आंबा, टोमॅटो, सीताफळ, अंजीर ह्यांची गोष्ट वेगळी. त्यांना भाव आहे आणि एकदोन दिवस वाढवून मिळाले तरी ती पुण्याच्या पलीकडे मुंबईपर्यंत नीट पोहोचू शकतात. लेपाचे सामान तर अवतीभवतीच आहे: तांदळाचे स्टार्च, बांधावरची कोरफड, डाळिंबाच्या साली. पण त्यासाठी स्वच्छ पाणी हवे, मोजमाप हवे, वाळवायला जागा हवी. एकट्यादुकट्याला हे झेपणारे नाही. गावाने किंवा बचत गटाने मिळून करायचे हे काम आहे, आणि ते शिकवायला कृषी महाविद्यालयांनी व संशोधन संस्थांनी गावात उतरायला हवे.

एक धोकाही ध्यानात घ्यावा. लेपाने मिळतो तो वेळ. वेळाचे मोल त्यालाच मिळते ज्याच्यापाशी गोदाम आहे, गाडी आहे. फळ चार दिवस टिकू लागले आणि फायदा मात्र साठवणाऱ्या व्यापाऱ्याचाच झाला, तर वेचणारीच्या पदरात काय पडले? उलट तोच लेप तिच्या हाती आला, तर दिवेलागणीला अर्ध्या भावात पाटी रिकामी करण्याची सक्ती तिच्यावर राहणार नाही. “आज नको तर उद्या येईन” असे ती गिऱ्हाइकाला म्हणू शकेल. शास्त्र तेच, पण ते कोणाच्या हाती आहे ह्यावर त्याचे फळ अवलंबून आहे.

तोवर आपण काय करावे?

नवा लेप बाजारात रुळेपर्यंत आपल्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. फळे आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत, खाण्याच्या वेळी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. आधी धुतल्याने त्यांचे स्वतःचे मेण जाते आणि ओल राहून बुरशीला आमंत्रण मिळते. कच्चा आंबा शीतकपाटात घालू नये. थंडीने तो दुखावतो, धड पिकत नाही. पिकल्यावर खुशाल ठेवावा. पिकलेली केळी व आंबे पालेभाजीजवळ ठेवू नयेत. रोज एकदा फळांची टोपली चाळावी आणि उतरलेले फळ तेवढे बाजूला काढावे. करवंदे फार आली तर लोणचे घालावे, आंबे फार आले तर आंबापोळी. तीही खाण्याजोगा पापुद्राच, आणि तिला वर्षभराची हमी.

आणि फाट्यावर पाटी दिसली तर घासाघीस जरा बेताने करावी. आपण पैसे मोजतो ते नुसत्या करवंदांचे नव्हेत, संध्याकाळपर्यंत टिकतील की नाही ह्या धास्तीत काढलेल्या तिच्या एका दिवसाचेही असतात.